पेपर येईपर्यंत

मला शंका घ्यायला कारण लागत नाही. दूधवाल्यानं आज मापाच्या वर चार थेंब ओतले तर मी विचार करतो, काल कमी घातलं होतं का? बायको म्हणते, तुमाला देव भेटला तर तुमी त्याला रेशनकार्ड मागाल. मागीनच. पण ह्या स्वभावापायी एकदा घरातल्याच माणसाचं नुकसान झालं, आणि तेही असं की परत भरून देता आलं नाही. तेच सांगायचं आहे.

ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. तरुणपणी मी कबड्डी खेळायचो. गावच्या खेळात पंच नसायचा. पंच आणला की तो कुणाचा पाव्हणा यावरून भांडण, म्हणून जुन्या लोकांनी रीत पाडलेली: ज्याला हात लागला त्यानं आपणहून उठायचं आणि रेषेबाहेर जाऊन बसायचं. सगळा खेळ इमानावर. मी मात्र लय बेइमान. चढाईला आलेल्याचा हात कोपराला घासून गेला तरी मान हलवायची आणि म्हणायचं, "न्हाई लागलं." अंगानं धिप्पाड, आवाज मोठा, कोण वाद घालणार माझ्याशी?

एकीनं घातला. माझी धाकटी बहीण, तेव्हा सात-आठ वर्षांची. जत्रेतला शेवटचा डाव होता. मी "न्हाई लागलं" म्हणालो आणि ही रेषेजवळून उठून म्हणाली, "दादा, लागलं की तुला. मी बघितलं." सगळं मैदान हसलं. मी बाहेर जाऊन बसलो, आमी हरलो, आणि घरी आल्यावर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली, पण बोललेलं मागं घेतलं नाही.

पुढं तीच कबड्डी खेळायला लागली. हायस्कूलला खेळाचे नवे सर आले होते, त्यांनी पोरींची टीम केली. हे सर गावचेच, पण वस्तीतले. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जळाली होती, आणि आमच्या आळीतून कुणी घागरभर पाणी घेऊन गेलं नव्हतं. बारा वर्षं झाली होती त्याला. बोलत कुणी नसे, विसरलं कुणी नव्हतं. त्यामुळं सर आमच्या घराकडं येताना दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकायची. ह्या माणसाला आमच्या पोरीचं एवढं काय पडलंय?

बीजिंगला एशियाड भरलं त्या वर्षी ती दहावीत होती. वडील गेलेले, घरात शब्द माझा. दसऱ्याच्या सुमारास सर घरी आले. परभणीला जिल्ह्याच्या टीमची निवड होती, सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळी परत. "सोबतीला माझी बायको येणार हाय, भाऊ," सर म्हणाले. "पोरीची चढाई जिल्ह्यात कुणाला न्हाई. आणि वयात बसायचं हे शेवटचंच वर्ष हाय तिचं." मायनं त्यांना चहा दिला. कप वेगळा होता. सरांनी चहा पिऊन तो स्वतःच विसळला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. बहीण दाराआड उभी होती, तिचे पाय दिसत होते.

सरळ नाही म्हणायचं मला जमेना. म्हणून मी शहाणपणा केला. एशियाडात पहिल्यांदाच कबड्डी ठेवली होती, आणि आपल्याला तिथं तोवर एकाही खेळात सोनं मिळालं नव्हतं. रोज बातम्यांत दुसऱ्यांचीच पदकं. मला वाटायचं, मैदान परमुलखातलं, पंच परके, आपल्याला कोण जिंकू देतंय? मी म्हणालो, "तुमच्या कबड्डीच्या टीमनं तिथून सोनं आणलं तर पाठवतो. शब्द हाय माझा." सर थोडं हसले आणि "ठीक हाय" म्हणाले. मला ते हसणंही खटकलं.

तेव्हापासून बहीण रेडिओला कान लावून बसायला लागली. भाकरी थापतानाही रेडिओ चुलीजवळ. माय ओरडायची, "पीठ पाडायलीस त्यात." ती पीठ झटकायची आणि आवाज वाढवायची.

निवडीच्या आदल्या दिवशी मी तिन्हीसांजेला बैलं घेऊन घरी आलो, तर ही दारातच उभी. "दादा, सोनं आलं. कबड्डीत जिंकलो आपण." तिचा श्वास लागला होता, चढाई करून आल्यासारखा. मी आधी बैलं बांधली, मग विचारलं, "कुणी सांगितलं?" "बातम्यात सांगितलं." मी रेडिओ लावला, तर खरखर. मागचं झाकण काढून पाहिलं, सेल चिघळले होते. म्हटलं, वा. बातमी सांगायला सेल चालले आणि मी ऐकायच्या वेळी संपले?

"तू सेल बदललेस का?"

"न्हाई दादा."

"सरांनी सांगून ठेवलं होतं का असं म्हण म्हणून?"

त्या घरात, त्या गावात, कधीच खोटं न बोललेलं एकच माणूस होतं, आणि मी त्याची उलटतपासणी करत होतो.

तसाच मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. सर बाकड्यावर बसले होते, भोवती वस्तीतली पाच-सात पोरं. सगळे खुशीत. सर म्हणाले, "झालं ना भाऊ तुमच्या मनासारखं. पोरीला सहाच्या गाडीला पाठवा." पोरांनीही सांगितलं, आमी कानानं ऐकलं. मला ते सगळेच एका माळेचे मणी वाटले. आज लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात एकच होतं: हे सांगायलेत म्हणूनच ह्यात काहीतरी काळंबेरं हाय. आमच्या आळीतल्या कुणीही सांगितलं असतं तर मी चहा पाजला असता.

मी म्हणालो, "पेपरात दाखवा. छापून आल्याबिगर मी मानत न्हाई."

"पेपर उद्या दुपारी येतो, भाऊ. निवड सकाळी दहाला हाय."

"मग त्याला मी काय करू?"

सर उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमी कबड्डी खेळलेले मानूस," एवढंच बोलून ते वस्तीकडं निघून गेले.

सकाळी उठलो तर बहीण तयार. दोन वेण्या, लाल रिबिनी, मांडीवर पिशवी, ओट्यावर बसलेली. माय मला म्हणाली, "जाऊ दे की रे तिला." मी दात घासत राहिलो. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर एरवी थांबत नाही, त्या दिवशी बराच वेळ थांबला. सरांनीच थांबवला असणार. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. मग गाडी गेल्याचा आवाज आला. तिनं रिबिनी सोडल्या, घडी घालून पिशवीत ठेवल्या आणि विळा घेऊन शेताकडं गेली.

मला घरात बसवेना. सायकल काढली आणि ताडकळस गाठलं. पेपरचा गठ्ठा दुपारी उतरला. मी उभ्याउभ्याच पान उघडलं. छापलं होतं. कबड्डीत सोनं. पुढं तर असं झालं की त्या सबंध एशियाडात आपल्याला तेवढं एकच सोनं मिळालं, आणि ते आमच्या खेळाचं. सबंध मुलूख खूश होता त्या दिवशी. मी मात्र स्टँडवरचं घड्याळ बघितलं. परभणीच्या गाडीत बसावं असंही एकदा वाटलं, पण बसून काय करणार होतो? तिथं तोवर नावं लिहून झाली असतील.

पेपर घेऊन मी शेतात गेलो. ती बांधावर गवत कापायलेली. मी पेपर पुढं केला आणि म्हणालो, "खरं हाय. जिंकलोत."

तिनं पेपर हातात घेतला नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. मग अजिबात न रागावता म्हणाली, "दादा, तुला कधी लागतच न्हाई की." आणि खाली वाकून पुन्हा गवत कापायला लागली.

तिचं लग्न पुढच्या वैशाखात झालं, जिंतूरकडं दिली. सासरी कबड्डीचा विषय निघायचा प्रश्नच नव्हता. सरांची माफी मी मागितली, पण चार वर्षांनी, आणि तीही दोघंच असताना. हॉटेलात, चारचौघांत मागायला हवी होती. सर "असू द्या" म्हणाले.

बहिणीला मात्र काही सांगणं जमलं नाही. कितीतरी दिवाळ्या गेल्या. तिचे केस पांढरे झाल्यावर एका भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं आणि मी पाटावर बसूनच बोललो, "त्या दिवशी माझं चुकलं, बाई. तू खरं बोलत होतीस. तुला पाठवायला पाहिजे होतं."

तिनं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पेपरात छापून येऊ दे. मग मानते."