गट्टूंखालचा गोटा

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. रस्त्यावर बसवलेले सिमेंटचे गट्टू कोणीतरी उपटून ठेवतंय, एवढीच तक्रार.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. मी तिथं ठाणेदार होते. सरकारी निधी आला आणि बाजार चौकाचं सुशोभीकरण निघालं. खाली गट्टू, कडेनं शोभेचे लोखंडी दिवे, मधोमध कारंजं. भाजीवाल्यांचे ओटे मागाहून बांधायचे होते. पण दर आठवडी बाजाराला चौकातले थोडे गट्टू उखडलेले सापडत. नगर परिषदेची फिर्याद आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून आम्ही गुन्हा दाखल केला.

खबर चहाच्या टपरीवरून आली, की हे भंगारवाल्याचं काम. आणला त्याला ठाण्यात. आधी पाणी दिलं. मी नेहमीच द्यायची. घसा ओला झाला की माणूस खोटंसुद्धा जरा सावकाश बोलतो.

"काऊन काढले बे गट्टू?" हवालदार दरडावून म्हणाला.

"सायेब, सिमिट भंगारात कोण घेते? बाजूलेच लोखंडाचे दिवे उभे हायेत. ते सोडून मी गट्टू नेईन? एवढा येडा दिसतो का मी तुमाले?"

हवालदारानं वही मिटली. मलाही पटलं. त्याला घरी पाठवलं आणि चौकात गेले. एकही गट्टू फुटला नव्हता, चोरीला गेला नव्हता. सगळे बाजूला नीट रचलेले. चोर काही रचून ठेवत नाही बाई, रचून ठेवतं ते संसार केलेलं माणूस.

पुढच्या बाजारी साधी साडी नेसून, पिशवी घेऊन सकाळीच तिथं जाऊन बसले. एक म्हातारी आली, मेथीची टोपली उतरवली आणि सगळ्यांदेखत खुरप्यानं गट्टू उचकटू लागली. बाकीच्या भाजीवाल्या बघत बघत आपापली भाजी मांडत होत्या.

"आजी, काय शोधता?"

"माह्या सासूचा गोटा."

माझं माहेर साखरखेर्ड्याकडचं, बाजारातच वाढलेली मी, म्हणून चटकन समजलं. आमच्याकडच्या बाजारांत प्रत्येकीच्या जागेवर एक गोटा पुरलेला असायचा. सकाळी त्याला हळदकुंकू लावायचं, भवानीचे पैसे टेकवायचे, मग पुढचा धंदा. सासू थकली की त्याच गोट्यापाशी सून बसायची. जागेला दुसरा पुरावा नाही. इथं गट्टू बसले आणि गोटे खाली गाडले गेले. आता जुन्या जागा पाहून ओटे वाटणार होते, आणि दुकानापुढं ओटा नको म्हणून समोरचा दुकानदार म्हणत होता, ही म्हातारी तर कायम मागंच बसायची.

"गोटा नाही दाखवला त मले मांगं टाकतीन, मुतारीपाशी. तिथं भाजी कोण घेते माय?"

बोलता बोलता खुरपं खणकन वाजलं. काळा गोटा निघाला, कुंकवाची लाली अजून होती. तिनं पदरानं पुसला. गुन्हा दाखल होता. मी कोण ते तिला सांगितलं, पंचनामा करावाच लागला.

"हा बी ठाण्यात येईन?"

"हो आजी. मुद्देमाल आहे."

"येऊ द्या. पण कुठं सापडला, ते त्यायले सांगा."

सांगितलं. नगर परिषदेत स्वतः जाऊन सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, नकाशा मंजूर झालाय मॅडम, आता गोटे कुठं बघत बसू?

कोर्टानं तिला समज देऊन सोडलं, गोटा परत द्यायला सांगितला. तोवर ओटे वाटून झाले होते. नोकरीभर मी फिर्यादीला विचारत आले, काय गेलं? त्या केसनंतर, काय झाकलं गेलं, हेही विचारू लागले. विचारल्यानं दरवेळी काही होतं असं नाही.

गोटा घेऊन मीच गेले. म्हातारी मागं, मुतारीच्या भिंतीपाशी बसली होती. तिनं तो हातात घेतला, ओट्यावर ठेवून पाहिला.

"इथं नाही बसत हा, बाई. खाली सिमिट हाय."

वारा सुटला होता. डोक्यावरची ताडपत्री फडफडत होती. तिचा एक कोपरा खाली ओढून तिनं त्यावर तो गोटा ठेवला, आणि मला विचारलं, मेथी देऊ का?

मी दोन जुड्या घेतल्या.