निळ्या कपातला चहा

सुधाकरनं बेल वाजवली तेव्हा मी कांदा फोडणीला टाकला होता. दार उघडलं तर तो कालच्याच शर्टात, हातात दवाखान्याची पिशवी. "मावशी, वनिता गेली... पहाटे." मी आत जाऊन गॅस बंद केला. तो म्हणाला, "जुईला कसं सांगायचं?" या गोष्टीला आता दीड महिना झाला. सुधाकरची बायको वनिता बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत, माझ्या समोरच्या दारात, एकोणीस वर्षं राहिली. आमचं फार पटायचं असं नाही, पण रोज दोघींत काहीतरी वाजल्याशिवाय दिवस मावळायचा नाही.

जुई त्यांची एकुलती एक मुलगी, आता चोवीस वर्षांची. ती स्वमग्न आहे. बोलते मोजकं, ऐकते सगळं. नऊ वर्षांची होईपर्यंत वनिता तिला भरवायची, वेणी घालायची, चपलासुद्धा पायात घालून द्यायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देवानं असं लेकरू दिलंय तर आईनं करायचं, असं मी बोलूनही दाखवलं होतं. मग एकदा वनिताला सणकून ताप आला आणि ती दुपारभर निपचित पडली. उठून बघते तर पोरगी पाण्याच्या माठाजवळ उभी, ओठ सुकलेले. माठ समोर होता, पण पेला वरच्या फळीवर. पोरीला मागता येत नव्हतं आणि हात पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी वनितानं माठाशेजारी कमरेच्या उंचीवर खिळा ठोकला आणि त्याला पेला अडकवला. तिथून ते घर बदलायला लागलं.

आधी तिनं उत्साहात एका रविवारी सगळंच हलवलं. जुई संध्याकाळपर्यंत कानांवर हात दाबून ओरडत होती, खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्यातून वनितानं नियम केला : एका वेळी एकच बदल, तोही आदल्या दिवशी जुईला सांगून. एक बदल अंगवळणी पडला की मग दुसरा. कपड्यांच्या खुंट्या खाली आल्या. बादलीत पाणी किती घ्यायचं तिथं लाल रेघ आली. आरशाशेजारी ब्रश, साबण, कंगवा यांची चित्रं ओळीनं लागली, स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही आली. ओट्यावर कुठलं भांडं कुठं ठेवायचं ते कळावं म्हणून तिनं प्रत्येक भांड्याच्या बुडाभोवती पांढऱ्या रंगानं गोल काढले. मी म्हटलं, "घर आहे का बालवाडी?" ती म्हणाली, "बालवाडीतली पोरं निदान स्वतःचे हात धुतात, मावशी. तुमचा बाळासाहेब चाळीस वर्षांचा झाला, अजून जागेवरून तांब्या मागतो." माझा मुलगा तेव्हा माझ्या मागेच उभा होता. त्यानं त्या दिवशी तांब्या स्वतः घेतला. त्या एकाच दिवशी.

माझी चूक लिहायलाच हवी. जुई चौदा वर्षांची असताना वनिताचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. किल्ली माझ्याकडे होती. नवरात्र चार दिवसांवर आलेलं. नवरात्राआधी घरातला डबा न् डबा खाली काढून घासायचा, ही आमची रीत. मला वाटलं, बाई दवाखान्यात आहे, आपण तिचं घर लावून ठेवू. गरम पाण्यात भिजवून मी डब्यांवरची सगळी चित्रं खरवडून काढली, डबे लख्ख घासले आणि चांगल्या घरात लावतात तसे उतरंडीनं लावले. ओट्यावरचे गोलही घासून पाहिले, ते निघाले नाहीत म्हणून राहिले. संध्याकाळी जुई सुधाकरबरोबर दवाखान्यातून परतली, स्वयंपाकघरात आली, एकेक डबा उघडून पाहिला आणि खाली बसली. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. स्वतःचा हात चावून चावून निळा केला. सुधाकर माझ्याकडे बघेना. वनिता टाक्यांवर हात धरून घरी आली, स्टुलावर बसली आणि पुन्हा चित्रं काढायला लागली. मी चहा घेऊन गेले तर मान वर न करता म्हणाली, "मावशी, मी तुमचे डोळे काढून, लख्ख घासून, उलटे बसवले तर चालेल का?" मी तिथंच बसून चित्रं डिंकानं चिकटवत राहिले. कुठला डबा कुठं, ते मला तेव्हा पाठ झालं.

चहा करायला जुईला दोन वर्षं लागली. विजेची शेगडी, तिच्या बटणावर नखाला लावायच्या रंगाचा ठिपका. भिंतीवर चित्र : पिवळ्या कपात एक चमचा साखर, निळ्या कपासमोर चमच्यावर फुली. पिवळा कप जुईचा, निळा वनिताचा, कारण वनिताला मधुमेह. रोज चारला दोन कप चहा व्हायचा. मी समोर बसलेली असले तरी दोनच. "मला गं?" म्हटलं की जुई भिंतीकडे बोट दाखवायची. चित्रात मी नव्हते.

वनिताला दवाखान्यातूनच स्मशानात नेलं, घरी आणलं नाही. हडपसरहून तिची वहिनी राहायला आली. बाई प्रेमळ आहे. तिनं जुईला सांगितलं, आई गावाला गेलीय. म्हणून जुई दोन दिवस गॅलरीत उभी राहून रस्ता बघत होती. तिसऱ्या दिवशी मी पिठलंभात घेऊन गेले, तर ओटा मोकळा. वहिनीनं सगळी भांडी कपाटात रचून टाकली होती. नुसते पांढरे गोल दिसत होते. वहिनी जुईच्या तोंडात घास देत होती आणि सुधाकरला समजावत होती, "भाऊजी, तुम्ही सकाळी आठला खराडीला कामावर जाणार ते सातला येणार. दिवसभर ही एकटी? तेरावं झालं की घर बंद करा. दोघं आमच्याकडे या. तिला कशालाही हात लावू देणार नाही मी." सुधाकर मान डोलावत होता.

मी ताट ठेवलं आणि जुईला म्हटलं, "जुई, आई गावाला गेली नाही. आई मेली. ती परत येणार नाही." वहिनी किंचाळलीच, "अहो मावशी!" जुई माझ्याकडे बघत नाही, ती भिंतीकडे बघते. तेव्हाही तशीच बघत होती. मी कपाटातून पातेलं काढून त्याच्या गोलात ठेवलं. गाळणी, चमचा, दोन कप, सगळं जागच्या जागी. चार वाजून गेले होते. जुई उठली, तिनं पातेल्यात पाणी घेतलं.

"सुतक आहे, चूल नाही पेटवायची," वहिनी म्हणाली.

"ती विजेची आहे. पेटत नाही, नुसती तापते."

"आणि उद्या काही झालं म्हणजे?"

"मी समोर आहे. मरेपर्यंत तरी आहे. तुमच्याकडे नेलंत तर सहा महिन्यांत पुन्हा पेल्यासाठी माठापाशी उभी राहील. वनिताची पंधरा वर्षं पाण्यात."

सुधाकर दारात उभा राहून बघत होता. जुईनं ठिपक्यापर्यंत बटण फिरवलं, दूध उतू जाऊ दिलं नाही, गाळलं, पिवळ्या कपात साखर घातली. मग निळा कप हातात घेऊन उभी राहिली. बसायच्या जागेवर वनिता नव्हती. जुईनं तो कप माझ्यासमोर आणून ठेवला. "समोरच्या मावशी," एवढंच म्हणाली. सुधाकर वहिनीला म्हणाला, "आम्ही इथंच राहू."

तेव्हापासून मी रोज चारला जाते. कशालाही हात लावत नाही. सुधाकर सातला येतो तोवर जुईनं भात लावलेला असतो. एकदा जास्त शिजला. माझाही होतो.

निळ्या कपात साखर नसते. मला बिनसाखरेचा चहा जन्मात आवडला नाही. सुधाकर परवा म्हणाला, "मावशी, चित्रावरची फुली काढून टाकू का? उद्या बदलतो, असं आज सांगितलं तर ती ऐकेल." ऐकेल, मलाही माहीत आहे. पण एका वेळी एकच बदल. सध्या या घरात एक चालू आहे. तो अंगवळणी पडू दे, साखरेचं मग बघू.