मामांनी न घेतलेलं औषध

फुफ्फुसाच्या कर्करोगाविरुद्ध माणसानं दिलेल्या लढ्याचा इतिहास जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा अंबरनाथ पश्चिमेचा उल्लेख कुणालाही टाळता येणार नाही. निदान आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी एका रविवारी विहारासमोरच्या मांडवात तसं सांगितलं. मी व्यासपीठावर बसून नम्रपणे खाली बघत होतो. नम्रपणे खाली बघण्याची तालीम सकाळी आरशासमोर झाली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होतो. आमच्या वस्तीत त्याआधी कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं, म्हणून जयंतीच्या आठवड्यात सत्कार ठरला. फलकावर माझ्या नावाआधी 'डॉ.' होतं. प्रबंधाला अजून दोन वर्षं होती. तसं मी अध्यक्षांना सांगितलं.

"होणारच आहेस ना? मग आत्ता पुसायचं आणि परत रंगवायचं, हे कशाला?"

मी फार ताणलं नाही. शाल उल्हासनगरहून आणलेली होती आणि तिच्यावर काश्मीरचं लेबल होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना शोभत होतो.

भाषणात मी सांगितलं की, पेशीच्या पृष्ठभागावर दाराच्या बेलसारखं एक बटण असतं. वाढीचा निरोप आला की ते दाबलं जातं आणि एका पेशीच्या दोन होतात. कर्करोगात हे फार वेळा होतं. आम्ही असा रेणू शोधतोय जो त्या बटणालाच गाठेल. याला 'रेणवीय लक्ष्य' म्हणतात, असंही मी म्हणालो. हा शब्द मला आदल्या दिवशी कोशात सापडला होता. आमच्या एका रेणूनं तबकडीतल्या पेशी मंदावल्यात, हेही सांगून टाकलं. "थोडक्यात," मी समारोप केला, "आमचा रेणू म्हणजे बेलच्या बटणात कोंबलेली काडी."

पहिल्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न. "काडी कोंबल्यावर बेल बंद कुठं होते? वाजतच राहते की. आमच्या मजल्यावरची पोरं रोज करतात."

मांडव हसला. बोलणारे आमच्या शेजारचे मामा होते. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. काडेपेटीच्या कारखान्यात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते, आणि काडी या विषयावर त्यांच्यापुढं बोलणं हाच मूर्खपणा होता. मी घाईनं म्हणालो, "मग वायर तोडणारा रेणू म्हणा."

"हां, वायर तोड," मामा म्हणाले. "वायर तोडलेली बरी."

ते एवढ्या बारकाईनं का ऐकत होते, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. मामी आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"अरे, तुझं औषध कधी येणार ते एकदाचं सांग बाबा."

"कुठलं औषध, मामी?"

"वायरचं. यांच्या छातीत गाठ निघालीय. हॉस्पिटलवाल्यांनी किरणांचा शेक घ्यायला बोलावलं होतं, ती तारीख गेली. हे म्हणतात, शेक नको, आपला पोरगा औषध काढतोय, दिवाळीपर्यंत थांबतो."

औषध असं काही नव्हतंच. तबकडीत वाढवलेल्या पेशी होत्या आणि त्यांच्यावर घातलेला एक पिवळट रेणू होता.

मी लगेच शेजारी गेलो. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी सांगितलं की तबकडीतून माणसापर्यंत यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात.

मामांनी मामींकडं अभिमानानं पाहिलं. "बघ. शिकलेली माणसं अशी बोलतात. जरा गर्व नाही."

मी आणखी समजावलं. जितकं नाकारावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत होतो. शेवटी जे सांगायचं नव्हतं तेच उरलं.

"मामा, त्या रेणूनं पेशी मंदावल्या, हे खोटं आहे. म्हणजे पेशी मंदावल्या होत्या. पण रेणू न घातलेल्या पेशीही तेवढ्याच मंदावल्या होत्या. त्यांना ठेवतो त्या कपाटाला गॅस लागतो, त्याचा सिलिंडर संपत आला होता. त्या साध्या, बिनरेणूच्या पेशी मी सुरुवातीला मोजल्याच नव्हत्या. गेल्या महिन्याचा आकडा लावला, वेळ वाचेल म्हणून."

मामा उशीवरून सरळ उठून बसले. मग त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला.

"आमच्याकडं एकदा नव्या मसाल्याची काडी पेटेना. सगळे मसाल्याला शिव्या देत बसले. मी जुनी काडी घेतली, तीच पेटीवर ओढली. तीही पेटेना. पेटीचीच बाजू ओली होती. जुनी काडी आधी ओढून बघायची असते रे. त्याला मुंबईला जायला लागतं?"

"नाही, मामा."

"हे तुला कळलं कधी?"

"शुक्रवारी."

"कुठल्या शुक्रवारी?"

मी खाली बघू लागलो, या वेळी तालमीशिवाय. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "सत्काराच्या आधीच्या?"

"फलक रंगवून झाला होता," मी म्हणालो. आजवर मी दिलेल्या कारणांत हे सगळ्यात खरं होतं.

मामा खोकले. खोकला थांबल्यावर मामींना म्हणाले, "फाइल काढ गं. आणि याला बरोबर ने. रांगेत उभं राहायला तरी कामाला येईल."

पुढचे पाच आठवडे मी रांगेत उभा राहिलो. मामा तिथं माझी ओळख करून द्यायचे, "हा आमच्या शेजारचा डॉक्टर. याचं औषध घेऊ नका." मध्यंतरी नवा सिलिंडर आला आणि मी सगळा प्रयोग पुन्हा केला, या वेळी साध्या पेशी मोजून. रेणूनं कर्करोगाच्या पेशी खरंच मंदावल्या. मग तो निरोगी पेशींवर घातला, तर त्याही तेवढ्याच मंदावल्या. रांगेत मामांनी निकाल विचारला, तेव्हा हे सांगितलं.

"म्हणजे विषच ते," मामा म्हणाले.

"हो."

"बरं झालं विचारलं."

त्यानंतर मामा दीड वर्ष जगले. शेक ठरल्या तारखेला सुरू झाला असता, तरी फारसा फरक पडला नसता, असं तिथल्या डॉक्टरांचं मत होतं. ते मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं.