उसनी बाही

नोतो हे तिचं नाव नव्हे. बाप नोतो प्रांताचा सुभेदार होता, म्हणून राजवाड्यात तिला तेवढंच म्हणत. राणीच्या परिवारात ती सगळ्यांत मागं बसे, बांबूच्या पडद्याआड.

आई गेली त्या हिवाळ्यात तोकिनागा नावाच्या तरुण सरदारानं सांत्वनाची कविता धाडली. कवितेला कवितेनंच उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. तिनं लिहिलं:

आईच्या फणीत केस अडकलाय अजून;
फणी धुऊ, की केस जपू?

थंडी ओसरायच्या आत तोकिनागानं त्या ओळी सम्राटापुढं स्वतःच्या म्हणून वाचल्या. त्याची आई धडधाकट होती, दोन्ही वेळा मासे खात होती. तेव्हा दाईच्या आठवणीत केल्या म्हणाला. सम्राटाचे डोळे भरले. तोकिनागाला बढती मिळाली.

नाग डूख धरतो तसा नोतोनं डूख धरला. तिचे केस पांढरे झाले, डूख काळाच राहिला.

मग एका शरदात दरबारी कवितांचा सामना ठरला. विषय, वाट पाहणं. आधी डाव्या बाजूची कविता, मग तिच्यासमोर उजवीची. एकमेकांची आधी कुणी पाहायची नाही. डावीकडून तोकिनागा होता. तो पडद्याशी येऊन बसला.

"नोतोबाई, दोन ओळी द्या की. माझ्या तोंडून गेली म्हणून तर तुमची फणी सम्राटांपर्यंत पोचली. नाहीतर केरात गेली असती."

"खरंय, सरदार," ती म्हणाली. "तुमचे उपकार फेडायचेच आहेत."

त्याच्यासमोर बसायचा होता म्हातारा हिसाताका. त्याला कविता जमत नसे, आणि ते तो लपवतही नसे. त्यालाही तिनंच लिहून दिलं.

सामन्याला तोकिनागानं घसा खाकरून वाचलं:

रात्रभर दारात उभा मी, बाहीवर
चंद्र उतरला, तुझी हाक नाही.

माना डोलल्या. मग हिसाताकानं वाचलं:

उसन्या बाहीवर चंद्र उतरला, तरी
हाक कुणी, कुणाला घालावी?

सभेत कुजबुज उठली. हे तर उत्तर होतं, आणि न ऐकलेल्या कवितेला उत्तर देणार कोण? पंचांनी विचारलं, तसा म्हातारा गालातल्या गालात हसला.

"मला कुठलं येतंय? नोतोनं लिहून दिलं."

पंच तोकिनागाकडं वळले. "मग याला इथंच उत्तर द्या, सरदार."

तोकिनागाचे ओठ हलले, ओळ येईना. तोंडाला लावलेल्या पांढऱ्या भुकटीतून घामाचे ओघळ उतरले. पडद्याआडून राणी हळूच म्हणाली, "म्हणजे ती फणीही त्याची नव्हेच."

नोतोनं मान वर केली नाही.

हिवाळ्यात तोकिनागाचा माणूस आला. प्लमच्या फुललेल्या फांदीला कागद बांधला होता. तिनं वाचलं. ओबडधोबड होतं, पण पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं होतं. क्षमा मागितली होती. माणूस उत्तरासाठी अंगणात उभा राहिला. त्याच्या टोपीवर बर्फ साचू लागलं.

तिनं एकेक करून सगळी फुलं खुडली आणि उघडी फांदी त्याच्या हातात दिली. कागद शेगडीत गेला होता.