आंब्याकडे बंद होणारी गाडी

"ढकलत आणलीस ना? मेलेलं ढोर ओढत आणावं तशी? मग आता एका किकेत कशी ओरडली, सांग मला!"

"हळू बोल, कुन्सू."

"का हळू? सांत आंतोन ऐकेल म्हणून? त्याच्याच कागदाचा तुकडा घातलास ना आत? देवाचा कागद, आणि असल्या कामाला!"

"चोरी नाही केली मी. पैसे देऊन घेतली."

"भंगाराचे दिलेस. गाडीचे नाही दिलेस."

हे भांडण झालं तेव्हा मी आमच्या दोन घरांमधल्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, अलीकडे वाकून अबोली खुडत होते. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, म्हणून गुरुवारी दुपार कलली की खुडायची. कान काही बंद करता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी ते करणारही नव्हते. उलट हात थांबवले. खुडताना पानं वाजतात.

एवढ्यात इनास बाहेर आला आणि गडग्यावरून आमची नजरानजर झाली. त्याच्या हाताला काळं तेल, माझ्या ओच्यात अबोली. मी म्हटलं, "ऊन उतरलं." तो म्हणाला, "उतरलं." पण मला कळलंय हे त्याला कळलं.

इनास आमच्या कपेलवाड्याचा, म्हणजे कपेलाच्या, छोट्या चर्चच्या, भोवतीच्या वस्तीचा. भाटकार प्रुदेंत यांचे हे मुंडकार, म्हणजे झोपडी मुंडकाराने बांधलेली आणि खालची जमीन भाटकाराची. बाप माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढायचा. इनासाला मात्र उंचीची भीती. तिसऱ्या खाचेवर पाय थरथरायचे आणि खाली पोरं ओरडायची, "इनास, ढगात जपून रे!" मग भाटकाराने त्याला आपल्या बुलेटच्या चाकरीला लावला. दर शनिवारी ती धुवायची, पुसायची, सावलीत ढकलून ठेवायची. बसायचं नाही. मुंडकाराने भाटकाराच्या गाडीवर बसायचं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं त्याने ती गाडी ढकलली. तिच्या पोटात कुठे काय आहे ते त्याला आपल्या पोटापेक्षा जास्त कळायचं.

भाटकार गेला. मूल-बाळ नव्हतं. गाडी दोन पावसाळे मागच्या पडवीत उभी राहिली. मग भाटकारीण एर्मेलिंदबाय म्हणाली, "इनासा, सोमवारी म्हापशाहून माणूस येतोय गाडी बघायला. चालू करून ठेव."

आता बघा, हा पस्तिशीचा माणूस, बायको कुन्सू, दोन मुली, कामाचा पत्ता नाही. आणि त्या काळी पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकली घेऊन पायलट लोक गावोगाव माणसं पोचवायला लागले होते. माडावर न चढता पोट भरायची एवढी एक वाट, आणि ती सोमवारी म्हापशाला जाणार. इंजिनाच्या अंगाला एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत दोन टिकल्या उघडमीट करतात तेव्हा ठिणगी पडते. इनासाने खिशातलं सांत आंतोनच्या प्रार्थनेचं पान काढलं, कोपरा फाडला आणि टिकल्यांच्या मध्ये सरकवला. झालं. मग म्हापशाच्या माणसाने घाम निथळेपर्यंत किका मारल्या. गाडीने हूं की चूं केलं नाही. तो आला तसा गेला.

"मेली, बाय," इनास म्हणाला. "आतून गेली. भंगारवालाच नेईल."

"तूच ने रे मग," बाय म्हणाली. "पुसलीस एवढी वर्षं."

त्याने भंगाराचा भाव दिला आणि गाडी ढकलत घरी आणली. तिसऱ्या दिवशी कागद काढला. पुढचं कुन्सूने सांगितलंच.

महिन्याभरात पुढचं मडगार्ड पिवळं झालं आणि इनास पायलट झाला. भाटकारणीला त्याने सांगितलं, "आतलं सगळं नवीन घातलं बाय. जुन्यातलं फक्त कातडं उरलंय." पण इंजिनाचा आवाज काही नवा घालता येत नाही. तोच तो धप-धप. आणि वाड्यावरून बाहेर जायचा रस्ता एकच, भाटकारणीच्या बलकांवासमोरून. ती सकाळ-संध्याकाळ दारापुढच्या त्या छपरी ओसरीत दगडी बैठकीवर बसलेली.

तेव्हा इनासाने काय करावं? तिच्या घराआधी एक मानकुराद आंबा आहे. तिथे चावी फिरवायची, खाली उतरायचं आणि गाडी ढकलत कपेलापर्यंत न्यायची. कपेलापाशी परत किक. मागे बसलेल्यानेही उतरून चालायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आमचे वाडवडील या दारावरून वहाणा हातात घेऊन गेले. मी गाडीवर बसून कसा जाऊ?"

म्हातारी माणसं खूष झाली. "इनासाला रीत कळते." तरुण पोरं चिडवायची. मुंडकारांचं घर मुंडकारांच्या नावावर करायचा कायदा आला होता, पोरांच्या छात्या फुगल्या होत्या. "ओ पायलट! विमान ढकलून उडवतोस काय?" इनास मान खाली घालून ढकलायचा. चढ आहे तिथे. बुलेट म्हणजे म्हशीचं वजन. पावसात पाय घसरायचे.

आणि माझं? पहिल्या शुक्रवारी फुलांची टोपली मांडीवर घेऊन मी त्याच्या मागे बसून म्हापशाला गेले. उतरल्यावर भाडं पुढे केलं. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "असू दे गुलाब. शेजारीण तू."

मी नाणी परत कमरेला खोचली. हात अडखळला म्हणावं तर तेही नाही. दुसऱ्या शुक्रवारी पुढे केलीच नाहीत. मी तोंड उघडून काही मागितलं नाही, पण गप्प बसण्याचं घेत राहिले. अशी तेवीस वर्षं. आमच्यात म्हण आहे ना, खाणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याला पाप कमी. मी खाणारी.

एका वर्षी कपेलाच्या फेस्ताला, सणाला, मी दाराशी अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, घेऊन बसले होते. आत पाद्रीचं प्रवचन चाललं होतं. बोलता बोलता पाद्री म्हणाला, "नम्रता बघायची तर आपल्या वाड्यावर बघा. एक गरीब पायलट रोज आपल्या जुन्या मालकिणीच्या दारात गाडीवरून उतरतो." सगळ्या माना इनासाकडे वळल्या. कुन्सूने पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला. इनास आपल्या बुटांकडे असा बघत होता, की जमीन फाटली तर आधी उडी हाच मारेल. आणि पहिल्या बाकावर एर्मेलिंदबाय. ती मात्र पंखा हलवत सरळ समोर बघत होती.

बाहेर आल्यावर कुन्सू माझ्यापाशी थांबली. "गुलाब गो, एक फात दे. कुठल्या सांताला घालू सांग. एकही तोंड दाखवण्यासारखा उरला नाही."

मी फात दिली. पैसे घेतले नाहीत. तेवढंच मला जमायचं.

बायची दृष्टी गेली तेव्हा ती ऐंशीला आली होती. दर शुक्रवारी बाजाराला निघताना मी तिच्याकडे भाटकाराच्या फोटोसाठी एक फात द्यायची. इनास तोवर गाडी धरून आंब्यापाशी रस्त्यावर उभा. एका शुक्रवारी तिने फात हाताने चाचपली आणि म्हणाली, "गुलाब, त्याला सांग, आंब्याकडे बंद करतो ती जरा उशिरा बंद कर. आंब्यापर्यंत ऐकू येते. पुढे येत नाही."

मला वाटलं वयाने भ्रम झाला. "काय ऐकू येतं बाय?"

"माझ्या नवऱ्याची गाडी. हा आवाज कोपऱ्यावर आला की मी माशाचं हुमण चुलीवर ठेवायची. मला तो ओळखू येत नाही असं वाटतं होय गो तुम्हाला?"

माझ्या टोपलीतली फुलं मी उगाच सारखी करायला लागले.

"पहिल्या महिन्यात कळलं मला," ती म्हणाली. "पडवीत सांत आंतोनचं पान सापडलं, कोपरा फाटलेलं. आमच्या घरात असलं कुणी फाडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्याला एकदाच लाज वाटली असती." तिने फात नाकाशी नेली. "आणि तू काय देतेस त्याला म्हापशाचं?"

अबोलीला वास नसतो, तरी ती बराच वेळ हुंगत बसली होती. मी टोपली उचलली.

रस्त्यावर आले तर इनास म्हणाला, "चल, उशीर झाला." मी कपेलापर्यंत त्याच्या बाजूने चालले. सांगायचं होतं. तोंडाशी आलं आणि मागे गेलं. सांगितलं तर आधी माझ्या भाड्याचा विषय निघणार. म्हापशाला पोचले, फाती विकल्या, परत आले, पण नाही सांगितलं. पुढचा शुक्रवार असाच गेला. तिसऱ्या शुक्रवारी बायने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "विसरले." ती हसली. तिच्या त्या हसण्याने मला आंब्याखाली नेऊन उभं केलं आणि मी इनासाला एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने गाडी स्टँडवर लावली. मग म्हणाला, "पान अजून आहे तिच्याकडे?"

"असेल."

"चल माझ्याबरोबर. एकट्याला जमणार नाही."

आम्ही दोघं गाडीसकट बलकांवापुढे गेलो. इनासाने टोपी काढली. "बाय, मी एक सांगायला..."

"सांगणं राहू दे," बाय म्हणाली. "सुरू कर."

"बाय?"

"गाडी रे. माझ्या दारात सुरू कर. मला ऐकायची आहे."

इनासाने किक मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरी. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, गाडीही आता म्हातारी. त्याने झाकण उघडलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, परत किक. घाम त्याच्या हनुवटीवरून टाकीवर पडत होता. मला तो म्हापशाचा माणूस आठवला.

"आणखी एकदा कागद घातलास का रे?" बाय म्हणाली.

इनास किकेवरचा पाय काढून खालीच बसला. पायरीवर, तिच्या पायांपाशी. पन्नाशी उलटलेला माणूस मुलासारखा रडला. मी गडग्याकडे बघितलं. बघायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

"न्या बाय," तो म्हणाला. "तुमची आहे. परत घ्या."

"मी आंधळी काय करू तिचं? पापड वाळत घालू?" तिने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि ते पान त्याच्या हातात दिलं. पिवळं पडलेलं, कोपरा नसलेलं. "आज महिन्याचा पहिला शुक्रवार. मला कपेलात मिसाच्या प्रार्थनेला ने."

"सुरू होत नाही बाय."

"तुला ढकलायची सवय आहे."

आणि मग आख्ख्या कपेलवाड्याने बघितलं. एर्मेलिंदबाय काळी साया, पायघोळ घागरा, नेसून एका बाजूला पाय सोडून बुलेटवर बसली, एक हात इनासाच्या खांद्यावर. इनास चढावर गाडी ढकलतोय, टोपलीसकट मी मागून हात लावतेय. सायकलवरची पोरं थांबली. कुणी चिडवलं नाही. कुन्सू दारात आली, छातीवर क्रूस केला आणि आत गेली. कपेलाशी बायला उतरवलं आणि इनासाने रागाने का कशाने एक किक मारली. पहिल्या किकेत सुरू. धप-धप-धप. बायने मान तिरकी करून ऐकलं, हेल मेरीची एक प्रार्थना पुरती म्हणून होईल इतका वेळ. मग काठी टेकत आत गेली.

त्या दिवशी म्हापशाला मी भाडं पुढे केलं. इनासाने घेतलं. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षी बाय गेली. पोर्तुगालातल्या लिस्बोंहून पुतण्या आला, घराला कुलूप लावून परत गेला. बलकांवात पाला साचला. तरी इनास आंब्याकडे चावी फिरवायचाच. "आता कुणासाठी रे?" मी विचारलं होतं एकदा. "तीच थांबते," तो म्हणाला. गाडीबद्दल बोलत होता असं मी धरून चालले.

इनास गेला त्याआधीचा त्याचा शेवटचा फेरा माझाच होता. शुक्रवार, सकाळची पेज पिऊन निघालो. त्याला दम लागायचा तेव्हा, म्हणून मी आंब्याकडे आधीच उतरले. त्याने चावी फिरवली. आम्ही चढावर गाडी ढकलली, मी मागून, एका हाताने टोपली सांभाळत. बलकांवापाशी त्याने टोपी काढली, कपेलापाशी परत घातली. दुसऱ्या किकेत सुरू झाली. म्हापशाला फूलबाजाराच्या तोंडाशी मला उतरवलं, मी भाडं दिलं, त्याने मोजलं नाही, खिशात टाकलं.

"दुपारी नेहमीच्या जागी?"

"नेहमीच्या जागी," मी म्हटलं, आणि फाती मांडायला बसले.