बाबांच्या उशाशी ठेवलेला माईक

एप्रिलची दुपार होती. वरोऱ्याच्या आमच्या घरात कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. बाबांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले होते, बोलणं गेलं होतं. उरला होता फक्त घशातून येणारा एक लांबट आवाज... 'हंऽऽ'.

दादा मस्कतला. नोकरी नवी, सुट्टी मिळत नव्हती. बाबा फार दिवसांचे सोबती नाहीत, हे डॉक्टरांनी आईला सांगितलं आणि मी त्याला.  तो म्हणाला, "मने, मले रोज बाबाचा आवाज तरी ऐकू दे."

फोन परवडणारा नव्हता. त्याच्या ऑफिसात चॅट बंद होतं, पण साधी ऑडिओची लिंक चालायची. काम करता करता हेडफोन लावून ऐकता आलं असतं. म्हणून ठरवलं, घरच्याच कॉम्प्युटरवरून स्ट्रीम सोडायची. एका खोलीचं रेडिओ स्टेशन... ऐकणारा एकच.

मी काही कॉम्प्युटर शिकलेली नाही. बाबा आलापल्लीच्या पुढे लाकूड डेपोवर होते. जवळ शाळा नव्हती, म्हणून सुरुवातीची वर्षं मला त्यांनीच शिकवलं. ओंडक्यांवर टाकलेल्या नंबरांवरून आकडे, आणि अडलं की एकच सांगणं... पुन्हा पहिल्या ओळीपासून वाच. स्ट्रीम सोडणाऱ्या सॉफ्टवेअरची इंग्रजी माहिती मी तशीच वाचली. रोज पहिल्या ओळीपासून.

बाहेरून कोणी आपल्या कॉम्प्युटरपर्यंत यावं, म्हणून मॉडेमच्या सेटिंगमध्ये एक वाट उघडी करावी लागते. ती उघडताना मी दोनदा थांबले. परक्या कोणी आमच्या घरातलं ऐकलं तर? पासवर्ड टाकला. तरी मन मानेना, म्हणून बाबांनाच विचारलं, "दादाले इथलं सगळं ऐकू जाईन. चालते न बाबा?"

त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश उघडले. आमच्यात त्याचा अर्थ 'हो' होता.

माईक उशाशी ठेवला, वायर दाराखालून पुढच्या खोलीत घेतली. लोडशेडिंगमुळे लाईट जायची आणि परत आली की आमच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, म्हणजे दादाच्या लिंकचा पत्ता, बदललेला असायचा. दर वेळी नवा नंबर दादाला मेसेज करायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, 'खरखर आहे, पण येतंय.' मी निर्धास्त होऊन चहा ठेवायला गेले.

संध्याकाळी बाबांना भेटायला लोक यायचेच. खोली भरली होती, आणि उशाशी माईक कशासाठी आहे ते मी सगळ्यांना सांगितलं होतं. चहा उकळत होता तेवढ्यात फोन वाजला... दादा. आवाज ओळखू येईना.

"मने, खरं सांग. बाबा गेले काय?"

"काहीतरीच काय बोलतं? सगळे बसले आहेत त्याह्यच्याजवळ."

"मंग कोणी बोलून काऊन नाई राह्यलं? आपल्या घरी इतकं चुप कधी असते?"

मी धावत गेले. बाबांचा श्वास संथ चालू होता. आणि भोवती सगळे ओठ घट्ट मिटून बसले होते. समोरच्या घरातल्या शेवंताबाईंनी तर तोंडाला पदर लावला होता. मला पाहून त्या उठल्या, मला ओसरीत ओढलं आणि कुजबुजल्या, "मीटर पळून राह्यलं न बाई! तिकडचं बोलणं मिनटाले किती पडते, मले मालूम हाय. म्या साऱ्याइले सांगतलं, खोकूसुद्धा नका."

आमच्याकडे दूरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे एसटीडी बूथ. डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवायचे, 'बरे आहो, तुमी बरे आहा न' म्हणायचं आणि रिसीव्हर खाली. माझे पैसे वाचावेत म्हणून ही माणसं श्वास रोखून बसली होती...

"याले मीटर नाई जी," मी म्हटलं. "बोला नाईतर नका बोलू, बिल तेवढंच."

"आँ? मंग आधी सांगाचं न! इथी जीव गुदमरून राह्यला माहा!"

डेपोवरचे बाबांचे जुने सोबती देवरावभाऊ माईकवर वाकले. "काय बे, ऐकून राह्यला काय? तुहा बाप आज भात खाऊन नाई राह्यला. नखरे करते."

"तुमच्या हातानं भरवला असन," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमचं थोबाड पाहून कोणाले भूक लागन?"

बाबांच्या घशातून आवाज आला. 'हं... हं... हंऽऽ.' तुटक, वेगळाच. आईने दचकून पाहिलं.

आमची स्ट्रीम अर्धा मिनिट मागे चालायची. तेवढ्या वेळाने दादाचा मेसेज आला, 'बाबा हसले ना?'

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बाबा गेले. स्ट्रीम चालू होती. आईने हंबरडा फोडला आणि माझ्या मनात आलं... तिकडे अजून अर्धा मिनिट बाबांचा श्वास सुरू आहे. मी फोन उचलला आणि परत ठेवला. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. दादा एवढंच म्हणतो, "तेवढा वेळ तरी माह्यासाठी बाबा होते."

दादाला येता आलं नाही; तेरवी झाल्यावर मी माईक काढायला गेले. मागून शेवंताबाई आल्या. रिकाम्या खाटेकडे पाहत उभ्या राहिल्या, मग माईकजवळ वाकून म्हणाल्या, "जेवला काय रे बाबू? माय तुही बरी हाय. आमी आहो इथी."

मी वायर तशीच ठेवली. आजही संध्याकाळी त्या खोलीत कोणी ना कोणी आईजवळ बसलेलं असतं, बोलत असतं. या माणसांचे उपकार कसे मानावेत मला कळत नाही.

मघाशी लाईट गेली होती. आल्याबरोबर दादाला नवा नंबर पाठवला.