उधव्याची बारा घरं

"आधी बसू, मग मोजू," हे त्यांचं ठरलेलं. कुणाच्याही झोपडीत शिरले की आमचे ओव्हरसियर टेप खिशातच ठेवायचे आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायचे. तुम्हीही सरकारी ओव्हरसियर पाहिले असतील. तेही बसतात, पण खुर्चीत.

ही सवय त्यांना उशिरा लागली. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता आणि मी तलासरीच्या कचेरीत कारकून. उधव्याला त्यांनी वारली कुटुंबांसाठी बारा घरं बांधली. विटांच्या भिंती, वर पत्रे, सगळं वरून आलेल्या नकाशाबरहुकूम. महिन्याभरानं आम्ही दोघं पाहायला गेलो, तर नव्या घरांत बकऱ्या आणि माणसं शेजारी जुन्या झोपड्यांत.

"असं का हो, बाई?" त्यांनी एकीला विचारलं.

"पत्रा तापतो, साहेब. न् माळा नाय. भात कुठं ठेवू?" ती म्हणाली. "बकऱ्यांना बरा हाय."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते तिच्या झोपडीत दुपारभर बसले. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमाती, चुलीच्या धुरामुळे कीड न लागणारं माळ्यावरचं भात, सगळं तिला विचारून वहीत काढलं.

अजून अठरा कुटुंबं बाकी होती आणि पाऊस दोन महिन्यांवर. त्यांनी नवा नकाशा ठाण्याला पाठवला: दगडी जोतं, कुडाच्या भिंती, माळा, वर कौलं. ठाण्याहून विचारणा आली, पहिल्या घरांत काय वाईट होतं? त्यांनी मला उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. वाचून ते म्हणाले, "एक वाक्य राहिलं."

मी मुद्दामच गाळलं होतं. 'ती घरं राहण्याजोगी नाहीत, चूक माझी आहे.'

"साहेब, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता? नकाशा वरचा होता."

"लोकांना विचारायचं काम माझं होतं. घाला ते वाक्य."

मृगाच्या तोंडावर लिफाफा आला. आत दोन कागद. एक मंजुरीचा, दुसरा त्यांच्या बदलीचा, ताबडतोब कार्यमुक्त व्हावं असा. उभ्या नोकरीत मी कागद दाबला नव्हता. त्या दिवशी दुसरा ड्रॉवरमध्ये टाकला आणि पहिला त्यांच्या हातात दिला.

ते उधव्यालाच जाऊन राहिले. आठ दिवसांत अठराही जोती भरली आणि एक घर माळ्यासकट उभं राहिलं. पुढचं लोकांना येतच होतं. नवव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"आता दुसरा कागद द्या."

"कुठला, साहेब?"

"चूक माझी, असं लिहिणाऱ्याला एकच कागद येत नाही हो."

मी ड्रॉवर उघडून कागद दिला. मला फार वाईट वाटत होतं. पोच म्हणून त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि दुपारच्या एसटीनं निघून गेले. पुन्हा भेट नाही.

ते गेल्यावर मी तारीख पाहिली. कागद आला त्या दिवसाची होती, म्हणजे उशीर माझा नव्हे, त्यांचा. त्या माणसानं खोटं लिहिलेलं मी तेवढंच पाहिलं.